वॉर्ड हलवताना

सोमवार, ४ मार्च

मावशी,

आई म्हणते, तुला फोन करण्यात अर्थ नाही. कानाचं यंत्र तू कपाटात ठेवून दिलंयस आणि मोबाईलवरचे निरोप वाचायचे नाहीत असं ठरवलंयस. म्हणून कागद-पेन घेऊन बसले. अक्षराला हसू नकोस, सहा महिन्यांत सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही.

मला मोठं काम मिळालंय. आमच्या हॉस्पिटलच्या जुन्या इमारतीत, तळघरात, डायलिसिसचा वॉर्ड आहे. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झालीत त्यांचं रक्त मशीनमधून धुऊन परत अंगात सोडतात. एकेकाला चार तास लागतात, आठवड्यातून तीनदा. बारा मशीन आणि चव्वेचाळीस माणसं. छताचे पोपडे आता पेशंटच्या पांघरुणावर पडायला लागलेत. हा सगळा वॉर्ड नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर न्यायचा आणि प्रकल्पप्रमुख मी. वॉर्ड फक्त रविवारी बंद असतो. म्हणजे शनिवारी संध्याकाळी शेवटचा पेशंट उठला की मशीन उचलायची आणि सोमवारी सकाळी सातला पहिला पेशंट नव्या जागी झोपवायचा. तारीख ठरलीय, २९ एप्रिल.

तू शिकवलेले पाच तक्ते मी खोलीच्या भिंतीवर लावलेत. सुरुवात, आखणी, प्रत्यक्ष काम, देखरेख, समारोप. पैकी आखणीचा तक्ता कोपऱ्यापर्यंत पोचला आणि वळून दुसऱ्या भिंतीवर गेला. मोठे साहेब परवा येऊन बघून गेले. म्हणाले, "छान आहे. पाइप कधी बसणार?"

माणसं चांगली आहेत. नळजोडणीचा मुकादम बडबड्या पण हाताचा पक्का. देखरेखीला दोन तपासनीस मागून घेतलेत, त्यांनी कामाला हात लावायचा नाही, फक्त बघायचं आणि लिहायचं. आणि एक आहेत पाणीवाले. त्यांना सगळं हॉस्पिटल ह्याच नावानं ओळखतं. बत्तीस वर्षं ते वॉर्डचं पाणी सांभाळतायत. एका पेशंटला एका वेळी सव्वाशे लिटर पाणी लागतं आणि ते प्यायच्या पाण्यापेक्षा कितीतरी शुद्ध लागतं, हे मला त्यांनी पहिल्याच दिवशी ऐकवलं. तळघरातल्या त्यांच्या खोलीत खुर्ची एकच आहे, ती त्यांनी मला दिली आणि स्वतः बादली उपडी घालून बसले.

मला भीती वाटते, मावशी. माझी आखणी संपतच नाही. एक गोष्ट लिहिली की तिच्या पोटातून तीन निघतात. तू कसं करायचीस?

तुझी
ठकू


सोमवार, ११ मार्च

ठकूबाई,

पत्र तीनदा वाचलं. अक्षर कोंबडीचे पाय असलं तरी मजकूर झकास आहे.

तुला एक आठवण करून देते. तू सात वर्षांची असताना शाळेची सहल होती. काही राहिलं तर नाही ना, म्हणून तू दप्तर तीनदा उपडं करून पुन्हा भरलंस. तेवढ्यात बस निघून गेली आणि तू दारात भोकाड पसरलंस. तुझी आई अजून त्या ड्रायव्हरच्या नावानं बोटं मोडते. चूक ड्रायव्हरची नव्हती.

पाच तक्ते मीच शिकवले, पण पाचही सारखे लांब करायचे असं कुठं म्हटलं होतं? त्यांचा तोल सांभाळायचा असतो. एकानं अंगणभर पाय पसरले की बाकीच्यांना उंबरठ्यावर बसावं लागतं. तुझ्याकडे आखणीनं पाय पसरलेत. पुरे झाला कागद. हात घाल. अर्ध्या शंका काम करताना आपोआप मिटतात, उरलेल्यांचा तेव्हा विचार करता येतो.

आणि काय गं, दोन-दोन तपासनीस नुसते वही घेऊन फिरणार? एवढ्याशा कामाला? मी असते तर एकाच्या हातात पाना दिला असता. एकतीस वर्षं पाणीयोजना उभारल्या मी, टाक्या बांधल्या, डोंगरातून नळ काढले. एकही काम एक दिवस उशिरा दिलं नाही. बाईमाणसाला हे जमणार नाही म्हणणारे माझ्या देखत निवृत्त झाले.

साहेब पाइप कधी बसणार विचारतात ना? पुढच्या वेळी विचारायच्या आत दाखव.

कान ठीक आहेत. जग फार बोलतं, एवढंच.

मावशी


मंगळवार, २ एप्रिल

मावशी,

तुझं पत्र पाकिटातून काढून टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. "पुरे झाला कागद, हात घाल" ही ओळ वर येईल असं.

काय सांगू, काम धावतंय. आखणीच्या बैठका बंद केल्या. मुकादमाला सांगितलं, नकाशात अडलं तर मला विचार, वाट बघत बसू नकोस. तिसऱ्या मजल्यावरचे सगळे पाइप बसले. पाणी शुद्ध करायची खोली तयार झाली. ओळीनं टाक्या उभ्या आहेत, निळ्या, माझ्यापेक्षा उंच. साहेब काल स्वतः जिना चढून आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता खरी प्रकल्पप्रमुख दिसतेस." मी दिवसभर तरंगत होते, खोटं कशाला बोलू.

माणसंसुद्धा तुझ्या म्हणण्याप्रमाणे हलवली. सगळ्यांचे हात कामाला लागलेत.

कुरकुर करतात ते एकटे पाणीवाले. त्यांना नवी यंत्रणा सात दिवस नुसती चालवून बघायचीय, रोज तीनदा पाणी तपासायचंय. मी म्हटलं, तीन दिवस देते. त्यांनी खिशातली वही काढून काहीतरी लिहिलं आणि मान हलवून गेले. जुनी माणसं, जुन्या सवयी. मला त्यांचा राग येत नाही, पण कॅलेंडरला त्यांचं वय कसं कळणार?

आई बरी आहे. तू कानाचं यंत्र लावत नाहीस म्हणून ती रोज एकदा चिडते.

तुझी
ठकू


मंगळवार, ९ एप्रिल

ठकू,

शाब्बास. पण मागचं पत्र वाचताना एका वाक्याशी अडखळले. सगळ्यांचे हात कामाला लागलेत म्हणजे किती जणांचे? बघायला कोण उरलंय? मी एकाच्या हातात पाना दे म्हटलं होतं. एकाच्या. दुसरा वही घेऊनच फिरतोय ना? उत्तर लिही.

दुसरं, शेवटचा आठवडा आवराआवरीला मोकळा ठेव. तक्त्यावर तू समारोप लिहिलंयस, मी त्याला आवराआवर म्हणते. बांधणाऱ्यानं चालवणाऱ्याला हाताला धरून सगळं दाखवायचं. हा व्हॉल्व्ह उघडा, तो बंद, ही चावी तुझी. दोघांनी सही करायची आणि मगच बांधणाऱ्यानं जायचं. कंटाळवाणं काम आहे, कोणी पाठ थोपटत नाही. तरी कर.

तुझ्या पाणीवाल्यांना आणखी दोन दिवस देता आले तर बघ. वहीत लिहिणारी माणसं उगाच लिहीत नाहीत.

मावशी


शनिवार, २० एप्रिल

मावशी,

चारच ओळी, रागावू नकोस. उद्घाटनाला बाहेरून मोठे पाहुणे येतायत, पत्रिका छापून झाल्या, आता तारीख हलणं शक्य नाही. टाक्यांचा एक भाग आठ दिवस उशिरा आला, त्यामुळे सगळं पुढं सरकलंय. आवराआवर वॉर्ड सुरू झाल्यावर करू, मुकादम महिनाभर इथंच आहे. पाणीवाल्यांना एक दिवस मिळेल.

पाय सुजलेत. पण होईल.

ठकू


शुक्रवार, ३ मे

ताई,

मी लिहितेय म्हणून घाबरशील. घाबरण्यासारखंच आहे. ठकूला लिहिता येत नाहीये, म्हणून मी लिहिते.

सोमवारी सकाळी ती साडेपाचला गेली. नवी साडी नेसली होती, मीच निऱ्या काढून दिल्या. मला म्हणाली, आई, दुपारी पेढे नाहीतर काहीतरी गोड घेऊन येते. दुपारी आली नाही. संध्याकाळी सातला आली ती तशीच न्हाणीघरात गेली आणि साडीवर पाणी ओतत बसली. मी दार ढकलून आत गेले तर म्हणाली, "आई, रक्त नाहीये, पाणीच आहे, पण जात नाही."

नव्या वॉर्डात पहिल्या सकाळी अकरा पेशंट मशीनला लावले होते. पाऊण तासात एकेकाला दम लागायला लागला, पोटात कळा, पाठीत कळा. तिथल्या मोठ्या सिस्टरनी नळीतल्या रक्ताचा रंग बघून ओरडून सगळी मशीन बंद करवली, म्हणून नऊ जण वाचले. एक शिंपी होते, ते त्याच दुपारी गेले. एक निवृत्त बाई, शाळेत गणित शिकवायच्या, त्या बुधवारी गेल्या. पाण्यात काहीतरी होतं म्हणतात. मला त्यातलं कळत नाही.

ताई, ती जेवत नाही. भिंतीकडे बघत बसते. काल मी म्हटलं, अगं, तू थोडंच काही केलंस? तर ताट बाजूला सारून उठली. काचेखालचं तुझं पत्र तिनं घरी आणलंय. मी बाजूला ठेवायला गेले तर हातातून ओढून घेतलं.

तू काहीतरी लिही. माझं ती ऐकत नाही.

तुझी धाकटी


बुधवार, ८ मे

ठकू,

मला सगळं सांग. इंजिनिअर इंजिनिअरला सांगते तसं, पहिल्यापासून. रडगाणं नको, सबबी नकोत. काय जोडलं होतं, काय तपासलं होतं, कोण कुठे होतं. सांगितल्याशिवाय तुला झोप लागायची नाही आणि मलाही.

मावशी


मंगळवार, १४ मे

मावशी,

सांगते.

शहराच्या पाण्यात जंतू मारायला औषध घालतात. पिणाऱ्याला त्याचं काही होत नाही. पण डायलिसिसमध्ये पाणी आणि रक्त ह्यांच्यात एक पातळ पडदाच असतो. ते औषध पलीकडे गेलं की रक्तपेशी फुटतात. म्हणून पाणी आधी कोळशाच्या दोन टाक्यांतून गाळतात. टाक्या धुताना पाणी बाजूनं वळवावं लागतं, त्यासाठी एक आडनळी असते आणि तिच्यावर एक व्हॉल्व्ह. रविवारी मुकादमाच्या माणसांनी टाक्या धुतल्या. व्हॉल्व्ह उघडाच राहिला. ती माणसं दुसऱ्या मजल्यावर गळतीला गेली, कारण मीच बोलावलं होतं. सोमवारी सकाळी पाणी कोळशाच्या शेजारून, कोळशाला न शिवता, सरळ पुढे गेलं.

व्हॉल्व्हवर पाटी नव्हती. कुठला उघडा आणि कुठला बंद ह्याचा कागद नव्हता. तो कागद आवराआवरीत होणार होता. आवराआवर नंतर होणार होती.

तू विचारलं होतंस, बघायला कोण उरलंय. मी उत्तर दिलं नाही. कोणीच नव्हतं. मार्चच्या अखेरीस मी दोन्ही तपासनीस कामाला लावले. एकाला पाइपांवर, दुसरीला विजेवर. दुसरी म्हणाली होती, "मॅडम, मग वहीत कोण लिहिणार?" मी म्हटलं, काम झालं की तेच लिहिणं. आणि सगळे हसले. मीही.

तुझ्या पत्रातल्या एका ओळीमुळे केलं असं म्हणण्याचा मोह होतो. तू एकाला म्हणाली होतीस. दुसरीला लावलं ते माझं.

शिंप्यांना मी ओळखत होते. वॉर्ड हलवणार म्हणून सगळ्या पेशंटना मी एकदा नवी जागा दाखवली, तेव्हा त्यांनी खिडकीजवळची खाट मागून घेतली. तळघरात सहा वर्षं काढली, आता उजेड बघत पडतो, म्हणाले. मी खाटेला त्यांच्या नावाची चिठ्ठी लावली. ते त्याच खाटेवर गेले.

आता साहेबांनी अहवाल तयार करून ठेवलाय. त्यात लिहिलंय की वॉर्डच्या रोजच्या पद्धतीप्रमाणे सकाळी पाणी तपासण्याची जबाबदारी पाण्याच्या तंत्रज्ञाची होती आणि त्यानं ती पार पाडली नाही. पाणीवाल्यांना निलंबित केलंय. खाली प्रकल्पप्रमुख म्हणून माझी सही हवी आहे. साहेब म्हणाले, "वाक्य खोटं नाहीये. जबाबदारी त्यांचीच होती. विचार कर, पण फार नको."

मी अजून सही केलेली नाही.

ठकू


शनिवार, १८ मे

ठकू,

चार दिवस हे पत्र लिहितेय. तीनदा फाडलं.

सही कर.

हे मी तुझी मावशी म्हणून लिहितेय, इंजिनिअर म्हणून नाही. वाक्य खोटं नाही असं तुझे साहेब म्हणतात, ते खरं आहे. रोजची चाचणी ज्याची त्यानं करायचीच असते, मग वरचा माणूस कितीही चुको. ते पाणीवाले आज ना उद्या निवृत्त होणार. तुझ्यापुढं वीस वर्षं आहेत. तुझ्या आईला तुझ्याशिवाय कोण आहे? मी, बहिरी, दोन गावं पलीकडे? तुझं नाव ह्यात एकदा गेलं की पुन्हा कोणी तुला साधी भिंत रंगवायचं काम देणार नाही. पोलीस येतील ते वेगळंच.

मेलेली माणसं सहीनं परत येत नाहीत आणि सही न करण्यानंही येत नाहीत. जी जिवंत आहेत त्यांचं बघ.

हे वाचून तुला माझी लाज वाटली तरी चालेल.

मावशी


शुक्रवार, २४ मे

मावशी,

मी मंगळवारी सही केली. साहेबांनी पेन पुढं केलं, चहा मागवला, मी सही केली आणि चहाही प्यायले.

आता तुला जे सांगितलं नव्हतं ते सांगते. चौदा तारखेच्या पत्रात मी सगळं लिहिलं, एवढं सोडून.

सोमवारी सकाळी सहाला पाणीवाले नव्या खोलीत उभे होते. मी धावत गेले आणि म्हटलं, तळघरातली जुनी टाकी अजून भरलेलीय, पाहुणे येण्याआधी ती रिकामी व्हायला हवी, नाहीतर खालच्या व्हरांड्यात पाणी येईल. माणसं कुठेच शिल्लक नव्हती. ते म्हणाले, "मॅडम, चाचणी व्हायचीय. पाणी तपासायच्या पट्ट्यांची डबी खालीच राहिली, सामानाच्या यादीत नव्हती. ती आणतो, चाचणी करतो आणि मग जातो." मी म्हटलं, "मी बघते. तुम्ही खाली जा."

त्यांनी टाक्यांकडे बघितलं. मी पुन्हा म्हटलं, "मी बघते, म्हटलं ना."

ते गेले. मला खालून बोलावणं आलं, पाहुण्यांची गाडी फाटकात होती. माझ्या हातात पुष्पगुच्छ दिला. सातला सिस्टरनी वरून विचारलं, पाणी ठीक आहे का? मी गुच्छ धरून फोनवर म्हटलं, "हो, सुरू करा."

मावशी, मी विसरले नव्हते. हे मला कोणालातरी सांगायचं होतं. मला आठवत होतं की चाचणी झालेली नाही. मला वाटलं, नवी यंत्रणा आहे, काय होणार?

पाणीवाल्यांनी हे कोणालाही सांगितलेलं नाही. चौकशीत त्यांना विचारलं, तुम्ही चाचणी का केली नाही? ते म्हणाले, "केली नाही, हे खरं." बस्स. बुधवारी ते सामान न्यायला आले होते. मी जिन्यावर उभी होते. मला बघून ते भिंतीला टेकले, मला जायला वाट देण्यासाठी.

तुझं अठरा तारखेचं पत्र सोमवारी पोचलं. मी त्याच्यामुळे सही केली असं समजू नकोस. ते आलं नसतं तरी केली असती. फक्त ते आल्यामुळे सोपं गेलं.

ठकू


शुक्रवार, २४ मे

ठकू,

अठराचं पत्र फाडून टाक. सही करू नकोस. केली असलीस तर मागे घे. हे पत्र वेळेत पोचो.

काल मी माझ्या जुन्या कामांच्या फायली काढल्या. तुला लिहिलं होतं ना, एकतीस वर्षांत एकही काम उशिरा दिलं नाही. फुशारकीनं लिहिलं. ते कसं जमलं ते लिहिलं नाही. दोन मोठ्या कामांत मी तपासनिसांना उचलून सिमेंटवर लावलं होतं. एका टाकीची भिंत कोणी न तपासता भरली होती. त्या टाकीच्या खाली उतारावर चाळीस घरं होती, आजही आहेत. काही झालं नाही. काही झालं नाही म्हणून मी त्याला माझी हुशारी समजले, आणि ती हुशारी अकरा मार्चला पाकिटात घालून तुला पाठवली. तुला मी जे शिकवलं ते माझं नशीब होतं, कसब नव्हतं.

आता त्याच हातानं तुला सही कर म्हणून लिहिलं. बत्तीस वर्षं इमानानं राबलेल्या माणसाला मी दोन ओळींत निवृत्त करून टाकलं. त्यांना मी पाहिलंही नाही.

वर्ष-दोन वर्षं घरी बसावं लागलं तर तू आणि तुझी आई इकडे या. दोन खोल्या आहेत. मी यंत्र कानाला लावीन, तुझ्या आईची बडबड ऐकीन. पण त्या माणसाच्या नावावर हे ठेवू नकोस.

मावशी


शुक्रवार, २१ जून

मावशी,

आपली पत्रं वाटेत एकमेकांच्या शेजारून गेली. तुझं आलं तेव्हा सही होऊन किती दिवस झाले ते मी कॅलेंडरवर मोजलं.

सही मागे घेतली. पंधरा दिवसांनी. एवढे दिवस लागले, कारण भीती होती. एकेक दिवस उद्यावर ढकलला. मग सात तारखेला बसून नवा अहवाल लिहिला. काय ठरलं होतं, काय कापलं, कोणाला कुठून उचललं, शेवटी सोमवारची सकाळ. पाणीवाले काय म्हणाले आणि मी काय म्हणाले, शब्दाला शब्द. तुझ्या पत्रांचा उल्लेख केला नाही. तो आपल्या दोघींचा हिशेब आहे आणि त्यात मला तुझ्याकडून काही घ्यायचं नाही.

साहेबांनी अहवाल वाचला, मिटला, आणि म्हणाले, "तू मला बुडवलंस." त्यांनी तारीख हलवली नाही, तेही मी लिहिलं होतं. त्याच संध्याकाळी मला कामावरून दूर केलं. पोलिसांनी दोनदा जबाब घेतला. खटला होईल. वकील म्हणतात, शिक्षा होऊ शकते, किती ते आत्ता सांगता येणार नाही. आईला मी तेवढं सांगितलेलं नाही. तू सांगू नकोस, मी सांगेन.

वॉर्ड परत तळघरात गेलाय. छताखाली जाळी बांधलीय. तिसऱ्या मजल्याला कुलूप.

पाणीवाल्यांचं निलंबन रद्द झालं. मी त्यांच्या घरी गेले. दारातच मी बोलायला लागले, तर ते म्हणाले, "आत या आधी." आत गेल्यावर मी म्हटलं, तुम्ही सांगितलं का नाही, की मी पाठवलं तुम्हाला? त्यांनी मला खुर्ची सरकवून दिली. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही पाठवलंत हे खरं. पण गेलो मी. बत्तीस वर्षांत दुसऱ्याच्या शब्दावर एकदाही पाणी सोडलं नव्हतं. त्या दिवशी सोडलं. ते सांगून कसं संपेल?" ते सोमवारी कामावर रुजू झाले आणि मंगळवारी राजीनामा दिला. सिस्टर सांगत होत्या, एकच चाचणी पाच वेळा केली, तरी पाणी सोडायला ते तयार होईनात. मला वाटलं होतं, खरं लिहिलं की निदान एक माणूस तरी उभा राहील. तसं झालं नाही.

काल चौकशी समितीची शेवटची बैठक होती. नातेवाइकांना बसायची परवानगी होती. गणिताच्या बाईंचं कोणी आलं नाही. शिंप्यांची बायको आली होती, एकटीच, मागच्या खुर्चीवर. मी सगळं सांगितलं, बसून नाही, उभी राहून. समितीच्या प्रमुखांनी विचारलं, कोणाला काही विचारायचंय? ती उठली. मला वाटलं आता शिव्या देईल. मी त्याची तयारी करून आले होते.

ती म्हणाली, "बाई, ती पाण्याची चाचणी करायला किती वेळ लागतो?"

मी म्हटलं, "तीन मिनिटं."

तिनं मान हलवली, मुलं एखादं गणित समजल्यावर हलवतात तशी. म्हणाली, "ते नेहमी अर्धा तास आधी निघायचे. मी म्हणायची, एवढ्या लवकर जाऊन काय करता? तर म्हणायचे, तिथल्या लोकांना आपल्यामुळे घाई व्हायला नको."

आणि ती खाली बसली.

ठकू